धर्मग्रामाची भाषा : नंदाखालच्या पवित्र आत्मा चर्चच्या साडेचारशे वर्षांच्या निमित्ताने

वसई तालुक्यातील नंदाखाल येथील पवित्र आत्मा चर्चचे स्थापनावर्ष १५७३ असे सांगितले जाते. त्या हिशेबाने २०२३ मध्ये या चर्चला ४५० वर्षे पूर्ण झाली. एखाद्या चर्चचा वर्धापन हा सामान्यतः त्या समाजाच्या आनंदाचा आणि फार तर स्थानिक इतिहासकाराच्या आस्थेचा विषय मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात काही शोधण्यासारखे आहे असे सहसा वाटत नाही. प्रस्तुत लेखाची भूमिका निराळी आहे. चर्चच्या वयाची मोजणी पहिल्या वास्तूपासून केली जाते. परंतु त्या वास्तूभोवती जी वस्ती उभी राहते ती कोणत्या भाषेत प्रार्थना करते, कोणत्या भाषेत प्रवचन ऐकते, कोणत्या भाषेत रडते आणि तिची नावे कोणत्या भाषेत नोंदली जातात, हे प्रश्न विचारले की त्याच साडेचारशे वर्षांची एक वेगळी कालगणना समोर येते. ही दुसरी कालगणना मराठी साहित्याच्या इतिहासाचा भाग आहे, आणि ती लिहिली गेली नाही तर पहिलीही अपुरी राहते, असे येथे दाखवावयाचे आहे.

१. संज्ञेपासून प्रारंभ

वसईचे मराठी भाषक कॅथलिक ज्याला ‘धर्मग्राम’ म्हणतात ते म्हणजे पॅरिश. बिशपच्या अखत्यारीतील प्रदेश तो ‘धर्मप्रांत’, त्यातील एका चर्चच्या कक्षेत येणारी वस्ती ती ‘धर्मग्राम’, आणि तिची जबाबदारी सांभाळणारे ते ‘प्रमुख धर्मगुरू’. या संज्ञा आज इतक्या रूढ झाल्या आहेत की त्या भाषांतरित आहेत याची जाणीवही उरलेली नाही.

‘पॅरिश’ या शब्दाचे मूळ ग्रीक ‘पारोइकिया’ या शब्दात आहे. ‘पारोइकोस’ म्हणजे शेजारी राहणारा, परंतु त्या नगरीचा नागरिक नसलेला, म्हणजेच परक्या भूमीत तात्पुरता वस्तीला असलेला माणूस. बायबलच्या जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात परमुलुखात राहणाऱ्या उपऱ्यासाठी हा शब्द येतो. प्रारंभीच्या ख्रिस्ती समूहांनी तो स्वतःकडे ओढून घेतला तो याच अर्थाने : आपले खरे नागरिकत्व अन्यत्र असून या जगात आपण पाहुणे आहोत. पुढे लॅटिनमधून युरोपीय भाषांत उतरताना शब्दाची ही धार बोथट झाली आणि तो प्रशासकीय विभागाचा वाचक बनला.

मराठीने या शब्दासाठी ‘ग्राम’ निवडले. उपऱ्यांच्या वस्तीसाठी गावकीचा शब्द आला. संज्ञा घडवणाऱ्यांनी ग्रीक व्युत्पत्ती डोळ्यांसमोर ठेवली होती असा दावा येथे करावयाचा नाही. मात्र भाषांतरातून घडलेला हा अर्थपालट वसईच्या ख्रिस्ती इतिहासाचे सार सांगतो. बाहेरून आलेली एक संस्था गावाची कशी झाली, आणि गावाची होताना तिने कोणत्या भाषा ठेवल्या आणि कोणत्या सोडल्या, हाच आपला विषय आहे.

२. वास्तूची कालगणना

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये तहान्वये वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतरच्या दशकांत फ्रान्सिस्कन आणि जेझुइट संघांच्या धर्मगुरूंनी या पट्ट्यात चर्च उभारली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या या चर्चच्या मालिकेत नंदाखाल येते. पुढच्याच वर्षाचे, म्हणजे १५७४चे, पापडी येथील कृपामातेचे चर्च १९९८ पासून वसई धर्मप्रांताचे कॅथीड्रल आहे.

याच काळातील वसईच्या एका मुलाचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया किशोरवयातच जेझुइटांसोबत जपानला गेला, तेथील भाषा त्याने आत्मसात केली, आणि पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर हिदेयोशीच्या दरबारी गेलेल्या शिष्टमंडळाचा तो दुभाषी झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याला क्रुसावर चढवून ठार मारण्यात आले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. वसईचा हा संत व्यवसायाने भाषांमधला मध्यस्थ होता, ही बाब तुलनाकारांच्या नजरेतून सुटू नये.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. मराठी इतिहासलेखनात हा पराक्रमाचा प्रसंग आहे, आणि तो तसा आहेच. वसईच्या मोहिमेतून आलेल्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, वाईजवळच्या मेणवलीत आणि भीमाशंकरला आजही पाहावयास मिळतात. एका उपासनेसाठी ओतलेली घंटा दुसऱ्या उपासनेत वाजू लागली. धातू तोच, नादही तोच. ऐकणाऱ्यांचा समाज बदलला. संहिता एका परंपरेतून दुसऱ्या परंपरेत जाते तेव्हा काय घडते याचे यापेक्षा मूर्त उदाहरण क्वचितच सापडेल.

मात्र धर्मग्रामाच्या दृष्टीने १७३९ चा अर्थ आणखी वेगळा आहे. पोर्तुगीज सत्ता गेली, परंतु येथला ख्रिस्ती समाज राहिला. ज्या राजसत्तेच्या आश्रयाने चर्च उभी राहिली होती ती नसताना, मराठी राज्यात, मराठी शेजाऱ्यांमध्ये या समाजाने सुमारे ८० वर्षे काढली. नंतर इंग्रजी अंमल आला. चर्चचा अंतर्गत कारभार गोव्याच्या आर्चबिशपकडे, १८८६ च्या करारानंतर दमणच्या धर्मप्रांताकडे, १९२८ नंतर मुंबईच्या महाधर्मप्रांताकडे गेला आणि २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. एवढ्या अधिकारबदलांतून जे बदलले नाही ते म्हणजे केळीच्या बागा, पानवेली आणि रहाटाच्या विहिरी यांच्या आधाराने जगणारे गाव आणि त्याची बोली.

गोव्याशी तुलना केली की या घटनेचे महत्त्व स्पष्ट होते. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत टिकली. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने स्थानिक भाषेचा वापर तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला होता. तेथील कॅथलिकांची कोकणी पुढे प्रामुख्याने रोमन लिपीत वाढली. वसईचा कॅथलिक मात्र देवनागरीत लिहिणारा मराठी वाचक आणि लेखक झाला. याची कारणे अनेक आहेत, परंतु १७३९ हे त्यांतील एक प्रमुख कारण मानण्यास जागा आहे. मराठ्यांचा वसईविजय हा मराठी कॅथलिक साहित्याच्या पूर्वपीठिकेचाही भाग ठरतो, हा इतिहासातील उपरोध दोन्ही बाजूंच्या अभिमानी लेखनात सहसा नोंदला जात नाही.

३. एका वस्तीच्या चार भाषा

नंदाखालच्या साडेचारशे वर्षांपैकी ३९० हून अधिक वर्षे वेदीवरची भाषा लॅटिन होती. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि भाविक तिच्यात मौन सहभागी असत. कागदोपत्री भाषा दीर्घकाळ पोर्तुगीज किंवा लॅटिन. शिकवणुकीची भाषा हळूहळू मराठी होत गेली. आणि घरची, शेतावरची, लग्नातली भाषा म्हणजे सामवेदी किंवा कादोडी ही बोली.

कागदपत्रांमध्ये सर्वांत महत्त्वाची ती धर्मग्रामाची नोंदवही. ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये विवाहाची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले आणि स्नानसंस्काराच्या नोंदींनाही शिस्त लावली. ज्या गावांत बहुतेकांची नावे जमीनमहसुलाच्या कागदांपलीकडे कोठे येत नसत, तेथे प्रत्येक जन्माची आणि विवाहाची नोंद करणारी पद्धत येणे ही लेखनसंस्कृतीच्या इतिहासातील मोठी घटना होय. परंतु या वहीत नाव लिहिले जाई ते पोर्तुगीज रूपात. हाक मारली जाई ती निराळ्या रूपात. इग्नासिओचा इनास, दोमिंगोचा दुमिंग, पास्कोआलचा पास्कू होई. वहीतले नाव आणि ओटीवरचे नाव यांमधले हे अंतर म्हणजे दोन ध्वनिव्यवस्थांमधील रोजचा व्यवहार होता. आडनावांतही हाच प्रकार दिसतो : लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज यांच्या शेजारी डाबरेंसारखी देशी आडनावे टिकून आहेत.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता. पाद्री, पाव, चावी, पगार, बटाटा हे पोर्तुगीजमधून आलेले शब्द सबंध मराठीने घेतले. ते वापरताना कोणालाही आपण परकी भाषा बोलतो असे वाटत नाही. शब्द धर्मांतर न करता गावात राहायला आले, माणसे धर्मांतर करूनही गावातच राहिली. या दोन प्रक्रिया एकत्र पाहिल्या पाहिजेत.

कादोडीविषयी एक गोष्ट विशेष नमूद केली पाहिजे. ही बोली ख्रिस्ती कुपारी समाज आणि हिंदू सामवेदी ब्राह्मण समाज या दोघांचीही घरची भाषा आहे. तिचे नाते मराठी, गुजराती व कोकणी यांच्याशी आहे आणि पोर्तुगीज शब्दांची तिच्यात भर पडली आहे. उपासना वेगळ्या झाल्या, नावे वेगळी झाली, परंतु बोली वाटली गेली नाही. धर्म हीच समाजाच्या ओळखीची अंतिम रेषा मानणाऱ्या कोणत्याही वर्गीकरणाला या बोलीचे अस्तित्व अडचणीचे ठरते. तिचे साहित्य प्रामुख्याने मौखिक आहे : लग्नात स्त्रियांनी म्हणावयाची गाणी, म्हणी, कहाण्या. ते वेदीवर कधी गेले नाही आणि नोंदवहीतही आले नाही.

लॅटिन आणि बोली यांच्यामधल्या अवकाशात मराठी लिखित शब्दाचा प्रवेश कसा झाला, हे पाहताना एका ग्रंथाकडे दुर्लक्ष करता येत नाही. फ्रान्सिस्को व्हास द गिमाराइश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पद्यमय पुराण १६५९ चे. फादर स्टीफन्स यांच्या ग्रंथाइतकी उंची त्याला नाही, आणि म्हणूनच मराठी वाङ्मयेतिहासात त्याचा उल्लेख ओझरता होतो. परंतु ते उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांसाठी, त्यांच्या बोलीशी जवळीक असलेल्या मराठीत रचलेले आहे. उपवासकाळात ते वाचले आणि गायले जाई, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याचे पुनर्मुद्रणही झाले. सुमारे दोन शतके एखादी रचना वाचकांच्या नव्हे तर गाणाऱ्यांच्या बळावर टिकते तेव्हा तिचे मूल्यमापन केवळ काव्यगुणांच्या कसोटीवर करणे अपुरे ठरते. तिचा आस्वादक हा एकटा वाचक नसून समूह होता.

४. ‘पवित्र आत्मा’ : नावातील भाषांतर

नंदाखालचे चर्च ज्याला समर्पित आहे ते नावच भाषांतराचा एक मोठा प्रश्न पोटात घेऊन उभे आहे. पोर्तुगीजांसाठी ते ‘इस्पिरितो सांतो’. हिब्रू ‘रुआह’, ग्रीक ‘न्यूमा’, लॅटिन ‘स्पिरितुस’ या तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ श्वास किंवा वारा. मराठीत यासाठी कोणता शब्द योजावा?

सोळाव्या-सतराव्या शतकांत या प्रश्नाला सामोरे गेलेले सर्वांत समर्थ लेखक म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. १५४९ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले हे जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचे कार्य प्रामुख्याने साष्टीत झाले. ही साष्टी गोव्यातील. वसईच्या खाडीपलीकडील, मुंबई ज्या बेटाला लागून वाढली ती साष्टी वेगळी. दोन्ही नावे सारखी असल्याने अभ्यासकांचा घोटाळा होतो, म्हणून हा खुलासा.

स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथून ते पुन्हा प्रसिद्ध केले, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती आली. दोन पुराणे, सुमारे ११ हजार ओव्या असा त्याचा विस्तार आहे. ग्रंथाच्या आरंभी त्याच्या निर्मितीचा जो प्रसंग येतो तो आपल्या विषयाला थेट भिडतो. रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी मन रमेल असे काही आम्हांला का देत नाही? या मागणीतून पुराण सुरू होते. मराठीतील एका अभिजात ग्रंथाचा उगम धर्मग्रामाच्या रविवारच्या वर्गात आणि एका श्रोत्याच्या तक्रारीत दाखवला आहे. ती तक्रार हिरावून घेतलेल्या पुराणांविषयीची आहे हेही विसरता येत नाही. त्या काळातील धर्मसत्तेच्या बळजोरीची कबुली ग्रंथाच्या दाराशीच नोंदलेली आहे.

स्टीफन्स यांनी वैकुंठ, मुक्ती असे रुळलेले शब्द निःसंकोच घेतले. मात्र ‘स्पिरितो सांतो’ हे नाव त्यांनी बहुतांशी तसेच ठेवले. याचे कारण शोधणे कठीण नाही. ‘आत्मा’ या शब्दामागे वेदान्ताची दीर्घ परंपरा आहे. जीवात्मा आणि परमात्मा यांच्या संबंधाचा सगळा वाद त्या शब्दाबरोबर येतो. त्रैक्यातील तिसऱ्या व्यक्तीला ‘आत्मा’ म्हटले तर श्रोता ते जीवाच्या अंतर्यामी असलेले तत्त्व समजण्याची शक्यता होती. स्वर्गासाठी वैकुंठ चालते, कारण तेथे स्थानाची कल्पना हस्तांतरित होते. परंतु परमेश्वराच्या स्वरूपाविषयीचा शब्द हस्तांतरित करताना लेखक थबकतो. अनुवादाचा अभ्यास करणाऱ्याला लेखकाची श्रद्धा कोठे निश्चिंत आहे आणि कोठे सावध, हे अशा थबकण्यातून कळते.

पुढची पायरीही उद्बोधक आहे. ‘ख्रिस्तपुराणा’चे जे देवनागरी हस्तलिखित मार्सडेन संग्रहात सापडले, त्यात लॅटिन-पोर्तुगीज संज्ञांच्या जागी संस्कृत शब्द योजण्याकडे स्पष्ट कल दिसतो. म्हणजे लिपी बदलली तेव्हा शब्दकळाही बदलू लागली. आजच्या मराठी उपासनेत ‘पवित्र आत्मा’ हा शब्द निर्वेधपणे वापरला जातो. जो शब्द एकेकाळी धोक्याचा वाटला तो चर्चच्या नावात विसावला आहे. येथे तत्त्वज्ञानाचा वाद मिटला असे म्हणता येणार नाही. वापराने शब्दाला नवा अर्थ दिला एवढेच म्हणता येईल. नंदाखालचा भाविक ‘पवित्र आत्मा’ म्हणतो तेव्हा त्याच्यासमोर वेदान्त नसतो, आपले चर्च असते.

या नावाचा आणखी एक पदर आहे. पवित्र आत्म्याचा सण म्हणजे पेंटेकॉस्ट, ईस्टरनंतरचा पन्नासावा दिवस. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील वर्णनानुसार त्या दिवशी निरनिराळ्या देशांतून यरुशलेमेत आलेल्या लोकांना प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले. बाबेलच्या मनोऱ्याच्या कथेत भाषाभेद ही शिक्षा आहे. येथे तो भेद तसाच ठेवून संवाद घडतो. कोणालाही स्वतःची भाषा सोडावी लागत नाही. या सणाशी नाव जोडलेल्या चर्चमध्ये जवळजवळ चार शतके वेदीवरची भाषा भाविकांना अनाकलनीय राहिली, हा विरोधाभास नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

५. वेदीवर मराठी आल्यानंतर

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान जाहीर केले आणि लोकभाषांना उपासनेत प्रवेश मिळाला. पुढच्या काही वर्षांत मिस्सा मराठीत होऊ लागली. स्थापनेच्या तुलनेत ही घटना अगदी अलीकडची आहे. तिला जेमतेम ६० वर्षे झाली. तरीही वसईच्या साहित्यिक इतिहासात १५७३ पेक्षा या घटनेचे महत्त्व कमी नाही. उपासनेसाठी मराठी प्रार्थना, स्तोत्रे, गीते आणि वाचने लागू लागली. ती मोठ्याने म्हणता येतील अशी असणे आवश्यक झाले. दर रविवारी हजारो लोक प्रमाण मराठीतील गद्य एकाग्रतेने ऐकू लागले. घरी बोली आणि चर्चमध्ये प्रमाण मराठी असा नवा द्विभाषिक व्यवहार सुरू झाला. लेखक घडण्यासाठी लागणारा कान अशा ठिकाणी तयार होतो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या लेखनाची पार्श्वभूमी ही आहे. नंदाखालचे दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे संपादक होते. त्यांच्या हाताखाली हे मासिक समाजाच्या अंतर्गत वर्तमानापुरते न राहता मराठीतील इतर लेखक-विचारवंतांशी संवाद करणारे व्यासपीठ झाले. बागायती, पाणी आणि जमीन यांवरील आक्रमणाविरुद्धच्या हरित वसई चळवळीचे ते एक नेते होते. बायबलचे त्यांनी केलेले मराठी भाषांतर ‘सुबोध बायबल’ या नावाने प्रसिद्ध आहे. ‘सुबोध’ हे विशेषण बायबलचे मराठी भाषांतर ख्रिस्ती वर्तुळाबाहेरील वाचकालाही आपले वाटावे, अशी आकांक्षा सांगते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, आजचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला धर्माच्या मुद्द्यावरून आक्षेप घेतले गेले, आणि तरीही ते अध्यक्ष झाले. ‘ग्राम’ आणि ‘पारोइकिया’ यांमधला ताण इतक्या शतकांनंतरही संपलेला नाही, हे त्या आक्षेपांनी दाखवले. तो ताण मराठी वाङ्मयीन समाजाने पेलला, हे संमेलनाने दाखवले.

२५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटो यांचे निधन झाले आणि त्यांच्यावर नंदाखालच्या चर्चमध्येच अंत्यसंस्कार झाले. मराठी साहित्य संमेलनाच्या एका अध्यक्षाच्या जीवनाचा शेवट ज्या वास्तूत नोंदला गेला, तिचा इतिहास मराठी साहित्याच्या अभ्यासकक्षेबाहेर कसा राहू शकतो?

६. दोन तुलना

पहिली तुलना प्रॉटेस्टंट परंपरेशी. मराठीतील ख्रिस्ती साहित्य म्हटले की बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ ची कादंबरी, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन डोळ्यांसमोर येते. ही परंपरा मुद्रणाच्या, शाळेच्या आणि एकेका व्यक्तीच्या धर्मांतराच्या अनुभवाच्या आधाराने उभी आहे. तिचा प्रमुख वाङ्मयप्रकार आत्मकथन किंवा त्याच्या जवळचा असणे स्वाभाविक आहे. वसईच्या कॅथलिक परंपरेत धर्मांतर ही अनेक पिढ्यांपूर्वीची, सामूहिक आणि आठवणीच्या पलीकडे गेलेली गोष्ट आहे. तिचे साहित्य व्यक्तीच्या निर्णयाभोवती न फिरता गाव, सण, बाग, बोली यांभोवती फिरते. दोहोंना ‘ख्रिस्ती साहित्य’ या एकाच कप्प्यात टाकल्याने दोहोंचेही नुकसान होते.

दुसरी तुलना, हा लेख रायपूरच्या शंकर नगरात बसून लिहिला जात असल्याने, सहज सुचलेली आहे. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते आणि रायपुरात मराठी वस्ती जुनी आहे. कॅथलिक व्यवस्थेतही रायपूर नागपूरशी जोडलेले होते. १६ जानेवारी १९६४ रोजी ते वेगळे होऊन तेथे प्रिफेक्चर, म्हणजे धर्मप्रांताची पूर्वावस्था, स्थापन झाले; १९७३ मध्ये धर्मप्रांत आणि २००४ मध्ये महाधर्मप्रांत झाला. व्हॅटिकनच्या उपासनाविषयक संविधानानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी जन्मलेल्या या व्यवस्थेला लॅटिन वेदी आणि लोकभाषिक वस्ती यांमधली शतकांची दरी वारशाने मिळाली नाही. तेथे हिंदी ही उपासनेची मुख्य भाषा प्रारंभापासूनच होऊ शकली. मात्र तेथे ‘ग्राम’ आधी आणि ‘धर्म’ नंतर असा क्रम नाही. नोकरी, शिक्षण, स्थलांतर यांमुळे निरनिराळ्या मातृभाषांचे लोक शहरात एकत्र आले आणि हिंदीने त्यांना सामायिक भूमी दिली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ येथे अधिक लागू पडतो. दोन्ही ठिकाणच्या वर्धापनांत ‘इतकी वर्षे पूर्ण’ असेच म्हटले जाते, परंतु मोजली जाणारी वस्तू एक नसते.

७. स्मरणिकेत काय यावे

चर्चच्या वर्धापनानिमित्त स्मरणिका काढण्याची प्रथा सर्वत्र आहे. या प्रकाराची घडण ठरलेली असते : धर्माधिकाऱ्यांचे संदेश, स्थापनेचा इतिहास, आजवरच्या प्रमुख धर्मगुरूंची यादी, जीर्णोद्धाराचे टप्पे, संस्थांचे अहवाल, छायाचित्रे आणि जाहिराती. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकाराला कमी लेखू नये. स्थानिक इतिहासाचे कितीतरी तपशील केवळ त्यातच उरतात. परंतु या घडणीत इतिहास स्वाभाविकपणे आलेल्यांचा होतो. धर्मगुरू येतात आणि जातात, त्यांच्या तारखा उपलब्ध असतात, म्हणून त्यांची यादी होते. गाव कोठून आलेले नसते, म्हणून त्याच्या तारखा नसतात. उपवासकाळात पुराण गाणारे, घंटा वाजवणारे, मुलांकडून प्रार्थना पाठ करून घेणारे, लग्नात गाणी सांगणाऱ्या लाल लुगड्यातल्या स्त्रिया यांची यादी होत नाही.

ही उणीव भरून काढण्याची वेळ आता फार उरलेली नाही. वसई-विरार परिसर २००९ पासून महानगरपालिकेखाली आहे; बागायतीच्या जागी इमारती येत आहेत. नव्या पिढीचे शिक्षण मोठ्या प्रमाणावर इंग्रजी माध्यमातून होत आहे. कादोडी बोलणारे आजोबा, मराठी लिहिणारे वडील आणि इंग्रजीत वाचणारी नात एकाच घरात राहतात. वेदीवर मराठी येऊन ६० वर्षे होतात न होतात तोच ती प्रार्थना आपली म्हणून ऐकणारा कान दुसरीकडे वळू लागला आहे. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. भाषा टिकवण्याचे ओझे केवळ एका लहान समाजाने वाहावे अशी अपेक्षा उर्वरित मराठी समाजाला शोभणारी नाही. मराठी विभागांना मात्र काही गोष्टी निश्चितपणे करता येतील : कादोडीतील लग्नगीतांचे ध्वनिमुद्रण आणि लिप्यंतर, व्हास द गिमाराइश यांच्या पुराणाची चिकित्सक देवनागरी आवृत्ती, नोंदवह्यांतील नावांचा भाषाशास्त्रीय अभ्यास आणि १९६३ नंतरच्या मराठी उपासनाग्रंथांच्या भाषेचा इतिहास. यांतील पहिले काम सर्वांत तातडीचे आहे, कारण त्याची संहिता माणसांच्या स्मरणात आहे आणि ती माणसे वृद्ध आहेत.

नंदाखालचे चर्च २०७३ मध्ये ५०० वर्षांचे होईल. त्या वेळच्या स्मरणिकेत धर्मगुरूंची यादी अचूक असेल यात शंका नाही. गावाने या वास्तूत आणि तिच्या अंगणात कोणकोणत्या भाषांत देवाला हाक मारली, हे त्या स्मरणिकेला सांगता येईल की नाही, हे मात्र येत्या दहा-वीस वर्षांत आपण काय ऐकून, लिहून ठेवतो यावर अवलंबून आहे.